ग्राहक आयोगात तक्रार: पहिल्या पावतीपासून पैसे खात्यात पडेपर्यंत

आमच्या स्वयंपाकघरात ट्रॉल्या बसवून आठ महिने झाले आणि सिंकखालच्या कपाटाची दारं फुगायला लागली. पैसे मरीन प्लायचे, म्हणजे ओल सोसणाऱ्या प्लायवुडचे घेतले होते. खालची कड नखाने खरवडली, तर ओला भुसा बोटांना लागला. दुकानदाराचे पहिले दोन महिने "उद्या माणूस पाठवतो" यात गेले, नंतर त्याने फोन उचलणंच सोडलं. व्यवहार दोन लाख चाळीस हजारांचा होता. एवढ्या रकमेसाठी दिवाणी दावा लावायची हिंमत होत नाही आणि सोडून द्यायला मन धजत नाही. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. वकील न लावता ती स्वतः चालवली, निकाल मिळवला, आणि निकालानंतरही पैसे येईनात म्हणून दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावली. त्या सगळ्या वाटेवर जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो आहे. ही माहिती पहिल्या दिवशीच असती तर माझं बरंच धावपळीचं काम वाचलं असतं.

आधी दार बरोबर आहे ना ते पाहा

काही देशांत लहान रकमेच्या भांडणांसाठी वेगळं, सोपं न्यायालय असतं. आपल्याकडे मुंबईत १८८२ च्या कायद्याने चालणारं लघुवाद न्यायालय आहे, पण तिथे आज मुख्यतः भाडेकरू-घरमालकांचे वाद चालतात. विकत घेतलेली वस्तू किंवा पैसे देऊन घेतलेली सेवा यावरून वाद असेल, तर सामान्य माणसाला परवडणारी जागा म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. बोलताना लोक अजूनही 'ग्राहक मंच' म्हणतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला, तेव्हा मंचाचा आयोग झाला.

इथे येण्यासाठी तुम्ही कायद्याच्या अर्थाने 'ग्राहक' असायला हवं. म्हणजे मोबदला दिलेला किंवा द्यायचं ठरलेलं असलं पाहिजे. फुकट मिळालेली सेवा यात बसत नाही. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तूही बसत नाही. मात्र स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः चालवायला शिलाई मशीन घेतलं असेल तर ते बसतं. मित्राला उसने दिलेले पैसे, भावकीतला जमिनीचा वाद, नोकरीतला थकलेला पगार ही कामं इथली नव्हेत. उसनवारीला दिवाणी न्यायालय, न वटलेल्या चेकला फौजदारी तक्रार, असे त्यांचे रस्ते वेगळे आहेत. बिल्डरविरुद्ध तक्रार असेल तर महारेराचाही, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचाही, पर्याय असतो. तिथे जायचं की आयोगात, हे नेमकं काय मागायचं आहे त्यावर ठरवा.

कुठल्या पातळीवर जायचं हे तुम्ही दिलेल्या मोबदल्यावरून ठरतं. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाखांच्या वर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. जुन्या कायद्यात नुकसानभरपाईची मागणीही या हिशेबात धरत असत. आता फक्त दिलेली रक्कम पाहतात, आणि ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये वैध ठरवली आहे. शुल्कही मोबदल्यावरच आहे: ५ लाखांपर्यंत काहीही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. माझ्या तक्रारीला शुल्काचा एक रुपयाही लागला नाही.

जिल्हा कोणता? दुकान किंवा कंपनी जिथे आहे तो, वाद जिथे उद्भवला तो, आणि २०१९ पासून तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-धंदा करता तोही. हा बदल फार मोलाचा आहे. नागपूरच्या माणसाने दिल्लीच्या कंपनीकडून काही मागवलं असेल तर त्याला नागपुरातच तक्रार करता येते.

दोन वर्षांची मुदत

वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. इथे बरीच माणसं फसतात. ई-मेल चालू आहेत, नोटीस पाठवली आहे, म्हणजे मुदत वाढते असं त्यांना वाटतं. तुम्ही कितीही पत्रं पाठवलीत तरी त्याने मुदत पुढे सरकत नाही. उशीर झालाच, तर तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्ज द्यावा लागतो आणि उशिराचं कारण पटवावं लागतं. आजारपण असेल तर डॉक्टरांचे कागद, परगावी असाल तर त्याचा पुरावा. समोरचा दर आठवड्याला "करून देतो" म्हणत असेल तर त्याच्या शब्दावर विसंबू नका, कॅलेंडरवर शेवटची तारीख लिहून ठेवा आणि तिच्या तीन-चार महिने आधीच दाखल करा.

कागद: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

आयोगात निकाल शपथपत्रांवर आणि कागदपत्रांवर लागतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा आहे, उलटतपासणी चालली आहे, असं दृश्य इथे क्वचितच दिसतं. तुमचा संताप कितीही खरा असला, तरी फाइलमध्ये जे नाही ते घडलं होतं असं आयोगाला धरून चालता येत नाही. म्हणून तक्रार लिहायला बसण्याआधी पंधरा दिवस नुसते कागद गोळा करण्यात घालवा.

मी एका वहीत तारीखवार नोंदी काढल्या. डावीकडे तारीख, मध्ये काय घडलं, उजवीकडे त्याचा पुरावा. उजवा रकाना जिथे रिकामा राहिला तिथे माझी बाजू लंगडी होती, आणि ते मला दाखल करण्याआधीच कळलं. मुख्य भोक एका नोंदीत होतं: चाळीस हजार रोख दिले होते, पावती नव्हती. बँकेतून पैसे काढल्याची नोंद होती, पण ते दुकानदारालाच दिले याला काय आधार? जुने व्हॉट्सअॅप संदेश चाळताना त्याच दिवशीचा त्याचा दोन शब्दांचा निरोप सापडला: "४० मिळाले." पुढे त्याने लेखी कैफियतीत, म्हणजे तक्रारीला दिलेल्या लेखी उत्तरात, ही रक्कम नाकारली, तेव्हा त्या दोन शब्दांनी काम केलं.

मोबाइलमधला पुरावा देताना नुसते स्क्रीनशॉट छापून लावू नका. संवाद संपूर्ण द्या, मधलेच सोयीचे संदेश उचलू नका, नंबर आणि तारखा दिसू द्या. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा. त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टात आहे आणि त्यातला एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. आयोगाची पद्धत दिवाणी न्यायालयाइतकी काटेकोर नसते, पण समोरचा वकील हरकत घेणारच, तेव्हा ती जागा आधीच बुजवलेली बरी. आणि तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. मूळ उपकरण दाखवायची वेळ येऊ शकते.

वस्तूत दोष आहे हे तुमच्या म्हणण्यावर सिद्ध होत नाही. कायद्यात प्रयोगशाळेत तपासणीची तरतूद आहे: तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तूचा नमुना मोहोरबंद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि तिथला खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो. माझ्याकडे मी एका अनुभवी सुताराला बोलावून पाहणी करवली. कुठलं दार किती फुगलंय, आतला थर कसला आहे हे त्याने लिहून दिलं आणि त्यावर स्वतःचं शपथपत्र केलं. फोटो काढताना प्रत्येक दाराजवळ मोजपट्टी धरली होती. दुरुस्ती करून घ्यायची घाई असेल तरी आधी हे सगळं उरका. दुरुस्ती झाली की पुरावा संपला.

तक्रारीआधीची नोटीस

कायद्याने नोटीस सक्तीची नाही. तरीही पाठवा, कारण काही वाद इथेच मिटतात आणि न मिटले तर तुम्ही संधी दिली होती हे फाइलवर येतं. वकिलाच्या लेटरहेडची गरज नाही. एका पानात लिहा: काय घेतलं, किती दिले, काय बिघडलं, काय हवं आहे, आणि पंधरा दिवसांत न झाल्यास आयोगात तक्रार करणार. धमक्या, विशेषणं, समोरच्याच्या चारित्र्यावर शेरे नकोत. हेच पत्र उद्या आयोग वाचणार आहे. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, ई-मेलही करा. लिफाफा "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आला तर तो न उघडता जपून ठेवा. तोही पुरावाच आहे.

याच काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून पाहा. तिला आदेश द्यायचा अधिकार नाही, पण मोठ्या कंपन्या तिथून आलेल्या तक्रारीला बऱ्याचदा उत्तर देतात. ऑनलाइन खरेदी असेल तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. यातल्या प्रत्येक नोंदणीचा क्रमांक वहीत लिहा.

सामनेवाला नेमका कोण?

सामनेवाला म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो. हा प्रश्न छोटा वाटेल, पण इथे चुकलं तर निकाल हातात असूनही वसुली होत नाही. दुकानाच्या पाटीवरचं नाव म्हणजे कायद्यातली व्यक्ती नव्हे. एकट्याचा धंदा असेल तर 'अमुक फर्निचर, तर्फे मालक' असं लिहून मालकाचं पूर्ण नाव आणि राहता पत्ता द्यावा लागतो. भागीदारी असेल तर फर्म आणि भागीदार. कंपनी असेल तर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला की कायदेशीर नाव आणि धंद्याचा प्रकार दिसतो. ऑनलाइन खरेदीत विक्रेता आणि संकेतस्थळ चालवणारी कंपनी या दोघांनाही सामनेवाले करा. वस्तूतच उत्पादनदोष असेल तर उत्पादकालाही. उगाच दहा जणांना मात्र ओढू नका, प्रत्येकाच्या नोटिशीत वेळ जातो.

तक्रार कशी लिहायची

तक्रार मराठीत लिहिता येते. परिच्छेदांना क्रमांक द्या आणि एका परिच्छेदात एकच गोष्ट सांगा. माझ्या तक्रारीतला एक परिच्छेद साधारण असा होता:

"४. तक्रारदाराने दि. … रोजी सामनेवाला यांच्याशी स्वयंपाकघरातील ट्रॉल्या व कपाटे बसवण्याचा रु. २,४०,०००/- चा व्यवहार केला. कोटेशनमध्ये सर्व कपाटांसाठी मरीन प्लाय वापरण्याचे नमूद आहे. कोटेशनची प्रत नि. १ म्हणून जोडली आहे."

बस्स. तारीख, घटना, कागद. ('नि.' म्हणजे निशाणी, जोडलेल्या कागदाचा क्रमांक.) 'फसवणूक करून, विश्वासघात करून, मानसिक छळ मांडून' असली वाक्यं मी पहिल्या मसुद्यात भरपूर लिहिली होती, नंतर सगळी काढली. घटना वाचूनच वाचणाऱ्याला जे समजायचं ते समजतं.

घटना सांगून झाल्या की सेवेत नेमकी काय त्रुटी आहे किंवा कुठली अनुचित व्यापारी प्रथा झाली ते एका परिच्छेदात, मग आयोगाचं अधिकारक्षेत्र, मग मुदतीत असल्याचं निवेदन, याच वादाबद्दल दुसरीकडे तक्रार केली नसल्याचं निवेदन, आणि शेवटी विनंती.

विनंतीच्या कलमावर मी चार संध्याकाळी घालवल्या आणि त्या वाया गेल्या नाहीत. जे मागितलं नाही ते मिळेल अशी आशा धरू नका. पर्याय उतरंडीने मांडा: दोषयुक्त कपाटं मुदतीत बदलून द्यावीत, ते शक्य नसल्यास त्या भागाची किंमत अमुक दराने व्याजासह, अमुक तारखेपासून परत करावी, शारीरिक-मानसिक त्रासाबद्दल इतकी भरपाई, तक्रारीच्या खर्चापोटी इतके, आणि न्यायोचित वाटेल तो अन्य आदेश. भरपाईचा आकडा कितीही लिहिला तरी शुल्क वाढत नाही म्हणून दोन लाखांच्या व्यवहाराला वीस लाख मागणारे लोक मी पाहिले. असं करू नका. फुगवलेली मागणी बघितली की बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. प्रत्येक रकमेमागे बिल, दिवस, हिशेब काहीतरी असू द्या.

दाखल करणं

आता दाखल करण्याची व्यवस्था ई-जागृती पोर्टलवर आहे. १ जानेवारी २०२५ ला सुरू झालेल्या या पोर्टलने आधीच्या ई-दाखिलची जागा घेतली. खातं उघडायचं, माहिती भरायची, तक्रार, शपथपत्र आणि कागदपत्रं पीडीएफमध्ये चढवायची. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असा हवा. पिवळी पडलेली थर्मल पावती आधी झेरॉक्स करून घ्या, नाहीतर तारखेपर्यंत ती कोरी झालेली असेल. कागदी संच किती लागतील ते आयोगाच्या कार्यालयात विचारा. आयोगासाठी आणि प्रत्येक सामनेवाल्यासाठी वेगळी प्रत लागते हे गृहीत धरा. पहिल्या पानावर यादी, प्रत्येक पानाला क्रमांक, प्रत्येक प्रतीवर सही. माझा पहिला संच पृष्ठक्रमांक नाहीत म्हणून परत आला. लिपिकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्रुटी कागदावर लिहून घ्या आणि पूर्ण करून द्या.

तक्रार स्वीकारायची की नाही हे सर्वसाधारणपणे २१ दिवसांत ठरवायचं असतं, आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय ती फेटाळता येत नाही.

तारखा

तक्रार स्वीकारली की सामनेवाल्याला नोटीस निघते. त्याला लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस, आणि आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५. त्यापुढे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ४ मार्च २०२० रोजी ही ४५ दिवसांची मर्यादा बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलं आहे. दिवस मोजायचे ते नोटीस आणि तक्रारीची प्रत त्याच्या हातात पडल्यापासून, म्हणून ती कधी मिळाली याची पोस्टाची नोंद काढून फाइलला लावा. मुदत उलटली तर 'विना कैफियत' आदेशासाठी अर्ज करा. नोटीस मिळूनही कोणी आलंच नाही तर प्रकरण एकतर्फा चालतं. तरीही पुरावा तुम्हाला द्यावाच लागतो.

पहिल्या सुनावणीला किंवा पुढे, तडजोडीची शक्यता दिसली तर दोघांच्या लेखी संमतीने प्रकरण मध्यस्थीकडे जातं. जायला हरकत नाही. फक्त घरून निघण्यापूर्वी किमान किती रकमेवर तयार व्हायचं ते ठरवून जा, आणि जे ठरेल ते तारीख व रकमेसह लिहून सह्या होईपर्यंत उठू नका.

नंतरचा क्रम असा: त्याची लेखी कैफियत, तुमचं पुरावा शपथपत्र, त्याचं शपथपत्र, "आणखी पुरावा द्यायचा नाही" अशी पुरसीस (आयोगाला दिलेलं लेखी निवेदन), लेखी युक्तिवाद, तोंडी युक्तिवाद. कैफियत हातात आली की पेन्सिल घेऊन बसा. त्याने काय नाकारलं, काय मान्य केलं आणि कशावर गप्प बसला, हे तीन रंगांत खुणावून घ्या. माझ्या प्रकरणात त्याने "ग्राहकाने पाण्याची गळती होऊ दिली" असं लिहिलं होतं. म्हणजे दारं फुगली आहेत हे त्याने स्वतःच कबूल केलं! मरीन प्लायला ओलीचा त्रास व्हायला नको, हे मी पुरावा शपथपत्रात त्याच्याच कोटेशनमधली "वॉटरप्रूफ" ही ओळ दाखवून मांडलं.

तारखेला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहून वेळेआधी हजर राहा. नाव पुकारलं की उभं राहून आपण तक्रारदार आहोत असं सांगा. तुमच्या पाळीला दोन मिनिटंही मिळतात आणि वीसही, म्हणून मुख्य मुद्दे एका पानावर पृष्ठक्रमांकांसह लिहून न्या. प्रत्यक्ष येणं अवघड असेल तर व्हिडिओद्वारे सुनावणीसाठी अर्ज करता येतो. घरी गेल्यावर पुढची तारीख आणि रोजनामा (त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद) पोर्टलवर तपासा. एखादी तारीख चुकणार असेल तर अर्ज द्या, कारण तक्रारदार गैरहजर असला तर आयोग उपलब्ध कागदांवर निकाल देऊ शकतो.

कायदा सांगतो की नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात याहून पुष्कळ जास्त धरून चला. माझ्या प्रकरणाला पावणेदोन वर्षं लागली. रजा, प्रवास आणि झेरॉक्स यांचा हिशेब वहीतच ठेवा, खर्चाच्या मागणीला तो उपयोगी पडतो.

वकील घ्यावा का? सक्ती नाही. वस्तूचा दोष, परतावा, रद्द झालेलं बुकिंग अशा सरळ वादात स्वतः चालवा. वैद्यकीय हलगर्जी, विमा कंपनीने तपास अहवाल पुढे करून नाकारलेला दावा किंवा मोठी रक्कम असेल तर घ्या.

निकाल हातात आल्यावर

निकालाची प्रत पक्षकारांना मोफत मिळते. सगळ्यात आधी शेवटचा 'आदेश' भाग वाचा: किती रक्कम, कुठल्या तारखेपासून व्याज, किती दिवसांत. आकड्यात उघड चूक असेल तर ३० दिवसांत त्याच आयोगाकडे पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो. निकाल विरुद्ध गेला किंवा फार कमी मिळालं तर ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील. समोरच्याला अपील करायचं असेल तर आदेशातल्या रकमेच्या ५० टक्के आधी भराव्या लागतात, त्यामुळे नुसतं ताणायला म्हणून होणारी अपिलं कमी होतात.

माझ्या सामनेवाल्याने अपीलही केलं नाही आणि पैसेही दिले नाहीत. आदेश व्हॉट्सअॅपवर पाठवला, निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. अशा वेळी वाट पाहत बसू नका. आदेशातली मुदत संपल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी दरखास्त दाखल केली. कायद्यात दोन मार्ग आहेत. कलम ७१ खाली आदेशाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखी होते, म्हणजे बँक खातं किंवा मालमत्ता जप्त करून वसुली. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि त्यासाठी आयोगाला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. पहिल्या मार्गाला मालमत्तेची माहिती तुम्हालाच पुरवावी लागते. इथे माझी जुनी वही पुन्हा कामाला आली: सुरुवातीचे दोन हप्ते मी ज्या खात्यावर पाठवले होते त्याचा तपशील त्यात होता. व्यवहार करतानाच असे खाते क्रमांक आणि चेकच्या प्रती जपून ठेवा.

दुसऱ्या मार्गात समन्स निघतं, आलं नाही तर वॉरंट. वॉरंट पोलीस ठाण्यात पोचलं का, याचा पाठपुरावा स्वतः करावा लागतो. आमच्याकडे जामीनपात्र वॉरंट घेऊन शिपाई दुकानात गेले आणि त्याच संध्याकाळी, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा, दुकानदाराचा स्वतःहून फोन आला. त्याने हप्त्यांची विनंती केली. मी दोन हप्ते मान्य केले, पण आयोगासमोर लेखी आणि पुढच्या तारखांचे चेक घेऊन. बाहेर परस्पर ठरवून दरखास्त काढून घेण्याची चूक करू नका, कारण दुसरा हप्ता बुडाला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

शेवटची रक्कम खात्यात जमा झाल्याचं पासबुकात दिसलं की मगच पूर्ण वसुली झाल्याची पुरसीस द्या. त्याच दिवशी मूळ कागद परत मिळण्याचा अर्जही करा. माझं मूळ कोटेशन आणि सुताराचा अहवाल तिथूनच परत आला.